तीन शब्दांचा छापखाना

हाताने केलेल्या शुभेच्छापत्राचा एक अलिखित नियम असा, की त्यात हाताने सगळं करायचं, फक्त लिहायचं नाही. जाड कागद हाताने कापायचा, नागमोडी कात्रीने त्याच्या कडा कातरायच्या, क्विलिंगच्या पट्ट्या सुईवर गुंडाळून गुलाब करायचे, गुलाबात मोती बसवायचा, मोत्याखाली फीत आणि फितीखाली वाळवलेलं पान दडवायचं. नखांत फेव्हिकॉल आणि भुवयांवर चमकी अशा अवस्थेत हा सोहळा मध्यरात्रीपर्यंत चालतो. मग मजकुराची वेळ येते. मजकूर काय, तर ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. तीन शब्द. पण ज्या हाताने नऊ पाकळ्यांचा गुलाब वळला, त्या हातावर या तीन शब्दांच्या बाबतीत कोणाचाच विश्वास नसतो. खुद्द हाताच्या मालकाचाही नसतो. ते शब्द अर्धपारदर्शक कागदावर, म्हणजे हौशी मंडळी ज्याला व्हेलम म्हणतात आणि दुकानदार ज्याला ट्रेसिंग म्हणतो त्यावर, सुबक टंकात छापलेले हवेत. तो कागद कार्डावर बसवला की खालचा गुलाब धुक्यात दिसतो आणि वर शुभेच्छा तरंगतात, अशी कल्पना. जबलपुरात ही कल्पना डोक्यात शिरलेला माणूस ओमतीकडे निघतो. ओमतीत नाला आहे, पोलीस ठाणं आहे आणि झेरॉक्सची दुकानं आहेत. पहिल्या दोन ठिकाणी माणूस नाइलाज झाल्याशिवाय जात नाही. व्हेलमवर छपाई करू पाहणाऱ्यांनी तिसऱ्या ठिकाणालाही तीच प्रतिष्ठा मिळवून दिली आहे.

प्रस्तुत लेखाचं म्हणणं एवढंच, की हे तीन शब्द हाताने लिहावेत. इतक्या साध्या गोष्टीसाठी अख्खा लेख खर्ची घालावा लागतो आहे, यावरून दुखणं किती मुरलंय ते कळावं. हा निव्वळ लेखकाचा हट्ट असता तर वाचकांनी पान उलटलं असतं तरी चाललं असतं. पण कागदापासून गोंदापर्यंत या प्रकरणातले सगळे साक्षीदार लेखकाच्याच बाजूने बोलतात. फिर्यादी पक्षाच्या साक्षीदारांनीच आरोपीला सोडवावं, असा हा खटला आहे.

आधी कागदाची साक्ष घेऊ. साधा कागद पांढरा दिसतो तो त्याच्या अंगातल्या हवेमुळे. लगद्याचे तंतू एकमेकांवर आडवेतिडवे पडलेले असतात, मध्ये फटी असतात आणि प्रत्येक फटीच्या काठावर उजेड विखुरतो. फट भरली की विखुरणं थांबतं आणि कागदातून आरपार दिसू लागतं. भज्यांखालच्या वर्तमानपत्रावर हा प्रयोग देशभर रोज यशस्वी होतो. ट्रेसिंग पेपर करणारे कारखाने तेलाऐवजी मेहनत वापरतात. लगदा इतका वेळ घोटतात, की तंतू फुटून, पिंजून एकमेकांना घट्ट धरतात आणि हवेला उभं राहायला जागा उरत नाही. कागद देखणा होतो, यात वाद नाही. अडचण एवढीच, की ज्या फटी बुजवल्या त्याच फटींत शाई मुरायची असते. इंकजेटच्या शाईत मुख्यतः पाणीच. साध्या कागदात ते क्षणात जिरतं. व्हेलमवर शाई उतरते, आत जायला वाट शोधते, वाट नाही म्हणून तिथेच बसून राहते. बरं, हा कागद पाण्याच्या बाबतीत अगदीच विरक्त असता तरी समजलं असतं. तो शाईतला रंग आत घेत नाही, पण ओल मात्र हळूच ओढून घेतो आणि फुगून त्याच्या अंगावर लाटा उठतात. त्यात महिना जुलैचा असला तर विचारायलाच नको. जबलपूरच्या पावसाळी हवेत आधीच इतकं पाणी असतं, की शाईतल्या पाण्याने उडून जायचं तरी कुठे?

‘‘वाळलं का?’’

‘‘छूना मत, मॅडम. पंखे के नीचे रख दिया है.’’

‘‘किती वेळ लागेल?’’

‘‘शाम तक देखते हैं. लाइट रही तो.’’

मनुष्यस्वभावाचा खरा अभ्यास करायचा असेल तर तो या पंख्याखाली करावा. शाई वाळली की नाही हे बघण्यासाठी कोपऱ्यात एक ठिपका मुद्दाम काढून ठेवलेला असतो. त्याला कोणी हात लावत नाही. बोट जातं ते थेट ‘हार्दिक’च्या ‘दि’वर. ‘दि’ला शेपूट फुटतं, तर्जनी निळी होते आणि मग तीच तर्जनी कार्डाच्या मागच्या बाजूला पुसली जाते, तेव्हा मागची बाजू ही पुढची बाजू असल्याचं लक्षात येतं. जाणकार म्हणतात, रंग विरघळवलेल्या शाईऐवजी रंगकणांची शाई वापरा, प्रिंटरला कागदाचा प्रकार वेगळा सांगून शाई बेताने सोडायला लावा, अक्षरं बारीक ठेवा. हे सगळं खरं आहे, त्याने काम सुधारतंही. पण तीन शब्दांसाठी यंत्राशी खोटं बोलायची पाळी येत असेल तर आपण नैतिकदृष्ट्या कुठे पोचलो, याचाही विचार व्हावा.

यावर ठेवणीतला आक्षेप असा असतो, की मग लेझर का वापरत नाही? लेझरमध्ये शाईच नसते; प्लॅस्टिकयुक्त पूड असते आणि दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला रोलर ती वितळवून कागदावर दाबून बसवतो. मुरायचा प्रश्नच नाही. आक्षेप बिनतोड वाटतो, आणि कागद यंत्रात जाईपर्यंत तो बिनतोड राहतोही. मुळात बरीच यंत्रं कागद आला की नाही हे उजेडाच्या तिरिपीने ओळखतात. तिरीप अडली तर कागद आहे, आरपार गेली तर नाही. व्हेलमचा जन्मच उजेडाला वाट देण्यासाठी झालेला. तो ट्रेमध्ये दिमाखात पसरलेला असतो आणि यंत्राच्या पाटीवर ‘कागद संपला’ अशी अक्षरं येतात.

‘‘मशीन बोल रही है पेपर नहीं है.’’

‘‘अहो, तुमच्या समोर तर आहे!’’

‘‘हमको दिख रहा है. मशीन को नहीं दिख रहा.’’

कुठल्याही सरकारी खिडकीवर ज्यांनी कागदपत्रं दिली आहेत, त्यांना या उत्तरात नवीन काही वाटणार नाही. उपाय म्हणून व्हेलमला मागे साध्या कागदाची सोबत द्यायची आणि पुढच्या कडेला चिकटपट्टी लावायची. म्हणजे यंत्राला साधा कागद दिसतो, तो आत ओढला जातो आणि व्हेलम त्याच्या पाठीवर बसून चोरवाटेने सीमा ओलांडतो. पलीकडे रोलर तापलेलाच असतो. त्या उष्णतेने कागदातली उरलीसुरली ओल उडते आणि जो कागद मघाशी ओलीने फुगत होता तो आता कोरडेपणाने वळतो. बाहेर पडते ती बासरीसारखी घट्ट सुरळी. ती उलगडून वहीत दाबून ठेवली की सपाट होते, वही काढली की पुन्हा सुरळी. बाजारात व्हेलमच्या नावाखाली मिळणारा एखादा स्वस्त प्रकार मुळात प्लॅस्टिकचाच असतो. तो सुरळी होण्याच्या भानगडीत पडत नाही, सरळ रोलरला चिकटतो. मग दुकानदार यंत्राचं पोट उघडतो, आत बघतो, आपल्याकडे बघतो, आणि रांगेतले लोकही आपल्याकडे बघतात. त्यांतल्या एकाच्या हातात जामिनाचे कागद असतात. त्याच्या सुटकेच्या आड आपल्या भाचीचा वाढदिवस आलेला असतो.

हे झालं कागदाचं नि यंत्राचं. अक्षरांची कहाणी त्याहून हृदयद्रावक आहे, कारण तिथे मराठी माणसाच्या अस्मितेला हात घातला जातो. जबलपूर हिंदीचं शहर. इथल्या डीटीपीवाल्यांच्या बोटांत कृतिदेव टंक इतका मुरलेला आहे, की त्यांना पडद्याकडे बघावंही लागत नाही. त्या टंकात ‘ळ’ नाही असं नाही. पण तो कुठल्या कळीखाली झोपलाय हे शोधायची वेळ वर्षानुवर्षं न आल्याने बोट आपसूक ‘ल’वर पडतं. ‘तिळगूळ’चा ‘तिलगुल’ होतो. केळकरांचे केलकर आणि काळ्यांचे काले होतात. इथे पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना त्याची इतकी सवय झालेली असते, की ‘ळ’ने हाक मारली तर कोणी पाहुणा आला असं वाटावं. पण बाळाच्या बारशाचं कार्ड ‘बालाच्या बारशा’चं झालं की मामला गंभीर होतो. हिंदीत बाल म्हणजे केस. शेजारपाजारची मंडळी ते जावळाचं आमंत्रण समजून चौकशी करतात, की नाव ठेवायच्या आधीच केस कापताय का?

‘‘भैया, हा ल नाही, ळ पाहिजे. असा. वळसे घालून.’’

‘‘ये वाला? ये तो आंटी डिझाइन में चला जाएगा.’’

‘‘डिझाइन नाही, अक्षर आहे ते!’’

‘‘पढ़ने में तो आ रहा है ना?’’

पढ़ने में आ रहा है ना, हा शहरातल्या समस्त छपाईचा अंतिम निकष. घरून पेन ड्राइव्हवर मजकूर आणणाऱ्या हुशारांचीही यातून सुटका नाही. दुकानातल्या संगणकावर त्यांचा टंक नसतो. ‘हार्दिक’चा रफार उडून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि कधीकधी शब्दाच्या जागी नुसते चौकोन येतात. चौकोनही तीनच असते तर लोकांनी ते समजून घेतले असते. आता तुलना करा. हाताने ‘ळ’ काढायला एक क्षण लागतो, रफार जिथे ठेवला तिथून हलत नाही, आणि कुठल्याही मराठी माणसाच्या हाताला ‘ळ’ कोणत्या कळीखाली आहे हे आठवावं लागत नाही.

समजा, छपाई जमली. ‘ळ’ मिळाला, शाई वाळली, सुरळी सपाट झाली. आता हा कागद कार्डावर चिकटवायचा. आणि इथे व्हेलमचा स्वभाव पुन्हा आडवा येतो: ज्याच्यातून गुलाब दिसतो त्याच्यातून गोंदही दिसतो. ओला गोंद लावला तर कागद फुगतो. गोंदाची कांडी फिरवली तर फरपटलेली रेघ दिसते. दुहेरी चिकटपट्टी लावली तर तिचा चौकोन असा उठून दिसतो, की बघणाऱ्याला आधी तोच वाचावासा वाटतो. त्यामुळे कार्डाची निम्मी कला गोंद लपवण्यात जाते. अनुभवी लोक गोंदाचा थेंब नेमका अक्षराच्या मागे लावतात, फुलाखाली दडवतात, किंवा गोंदाच्या वाटेला न जाता भोकं पाडून फीत ओवतात. नवशिके डाग पडला की त्यावर फूल लावतात. ते फूल चिकटवताना शेजारी डाग पडतो. एका डागाला एक फूल या हिशेबाने कार्डाची बाग होते, बागेचं वजन वाढतं, वजनामुळे टपालाचा खर्च वाढतो, आणि पोस्टातला शिक्का मोजून मधल्या मोत्यावर बसतो. ज्याला कार्ड मिळतं तो ‘किती सुंदर!’ म्हणतो. त्याला काय माहीत, की ही सगळी वनश्री गुन्ह्याची जागा झाकण्यासाठी उभी केलेली आहे!

काही विद्वान इथे परंपरेचा दाखला देतात. ते म्हणतात, चित्रावर झिरझिरीत कागद ठेवण्याची रीत जुनी आहे. आहेच. जुन्या सचित्र पुस्तकांत चित्राच्या पानावर असा पातळ कागद असायचा आणि त्यावर कधीकधी चित्राची ओळही छापलेली असायची. फोटोंच्या जुन्या अल्बममध्येही कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला कागद दोन पानांच्या मध्ये घातलेला असे. पण त्या कागदाला नोकरी होती. चित्राची शाई समोरच्या पानावर उठू नये, फोटो एकमेकांना चिकटू नयेत, म्हणून तो पहाऱ्यावर उभा होता. आपण पहारेकऱ्याला सूत्रसंचालक केलं आणि आता त्याचा आवाज फुटत नाही म्हणून कुरकुरतो. लग्नपत्रिकेतला झिरझिरीत गणपती त्याच घराण्यातला. पण तिथे मजकूर आतल्या जाड कागदावर असतो, आणि तो हिंदीतल्या ‘जलूल-जलूल आना’पर्यंत स्वच्छ वाचता येतो. त्याहून मागे गेलं तर मूळ व्हेलम म्हणजे वासराचं कातडं. गुटेनबर्गने १४५५च्या सुमारास आपल्या बायबलच्या काही प्रती त्यावर छापल्या. ब्रिटिश संसदेचे कायदेही शतकानुशतकं त्यावर उतरत आले, आणि ही चैन परवडते का यावर तिथे अलीकडेपर्यंत वाद चालला. अखेर २०१७पासून आतली पानं कागदाची झाली. धर्मग्रंथ आणि कायदे. वाढदिवस त्या यादीत नव्हता.

आणि छापील शुभेच्छांचा इतिहास तर या विद्वानांनी काढूच नये. लंडनच्या हेन्री कोल यांनी १८४३मध्ये नाताळासाठी पहिलं बाजारी शुभेच्छापत्र काढलं, जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून चित्र काढून घेऊन. कारण सरळ होतं. नाताळात इतक्या लोकांना पत्रं लिहायला वेळ कुठून आणायचा? म्हणून छापील कार्ड, वर ज्याला पाठवायचं त्याच्या नावासाठी रिकामी जागा, खाली पाठवणाऱ्यासाठी. साधारण हजार प्रती निघाल्या, किंमत एक शिलिंग. चित्रात लहान मुलीच्या ओठांना वाइनचा पेला लावलेला दिसतो म्हणून मद्यनिषेधवाले चिडले, ती गोष्ट वेगळी. मुद्दा असा, की छपाई आली ती वेळ वाचवण्यासाठी. कोल यांना हस्तकलेची हौस भागवायची नव्हती, त्यांना उरक हवा होता. आपण काय करतो? रात्र जागून कार्ड हाताने करतो, म्हणजे वेळ उधळतो, आणि मग ज्याच्याकडे वेळ नव्हता त्याची युक्ती उसनी आणून आणखी एक दिवस ओमतीत घालवतो. वेळ वाचवण्याच्या साधनावर इतका वेळ खर्च करणारा प्राणी दुसरा नसेल. आपल्या आजी-आजोबांचा व्यवहार याहून साफ होता. संक्रांतीला लहानशा कार्डाबरोबर पाकिटात हलव्याचे चार दाणे, दसऱ्याला आपट्याचं एक पान, खाली दोन ओळी वळणदार नाहीतर मोडक्या अक्षरात. दाणे वाटेत चुरायचे. अक्षर मात्र धड पोचायचं.

आता सगळ्यात मोठा आक्षेप: ‘आमचं अक्षर वाईट आहे.’ हा आक्षेप इतक्या अभिमानाने घेतला जातो, की त्याचं खंडन करताना संकोच वाटतो. प्रस्तुत लेखकाचं अक्षर असं आहे, की त्याची सही कोणी खोटी करू शकत नाही, कारण खरी कशी असते हे त्यालाही ठाऊक नाही. तरीही हा आक्षेप जबलपुरात तरी टिकायला नको. भारताची राज्यघटना, जगातल्या सर्वांत लांबलचक राज्यघटनांपैकी एक, हाताने लिहिली गेली. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी लिहिली, हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी. पानांची सजावट नंदलाल बोस आणि त्यांच्या शिष्यांची, आणि उद्देशिकेचं पान ज्याने सजवलं तो ब्योहार राममनोहर सिन्हा हा तेव्हा विशीतला तरुण, आपल्या जबलपूरचा. त्या पानावर कोपऱ्यात ‘राम’ अशी छोटीशी देवनागरी सही आहे. गोलबाजारातल्या शहीद स्मारकात त्याची भित्तिचित्रं आजही पाहायला मिळतात. तर ज्या शहरातल्या पोराने स्वातंत्र्य, समता, बंधुता यांच्याभोवती वेलबुट्टी काढली, त्या शहरातल्या माणसाला ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ लिहायला संगणक लागतो. अनुच्छेदांचे अनुच्छेद हाताने झाले. आपण तीन शब्दांपाशी अडलो.

‘रायजादांचं अक्षर मोत्यासारखं होतं हो,’ असं यावर उत्तर येईल. होतं. पण घटना कोणा एका मावशीला पाठवायची नव्हती. मावशीला आपलं अक्षर ओळखता आलं पाहिजे, त्याचं कौतुक व्हायची गरज नाही. सुबक टंकात छापलेलं कार्ड आलं की मावशी आधी उलटं करून किंमत शोधते, मग विचारते, ‘कुठून घेतलंस?’ आठ तास खपून हाताने केलेल्या कार्डाला याहून क्रूर प्रश्न नाही, आणि तो आपण पैसे मोजून, टंक निवडून स्वतःवर ओढवून घेतलेला असतो.

दुसरा आक्षेप जरा जास्त प्रामाणिक आहे: हाताने लिहिताना चूक झाली तर? एवढा गुलाब केला, आणि ‘शुभेच्छा’ ऐवजी ‘शुभेछा’ झालं तर? भीती खरी आहे. चुकीचा निरोप मिटवून टाकायची सोय मोबाइलमध्ये मिळाल्यापासून आपल्या बोटांचा धीर सुटला आहे. पण गंमत अशी, की चूक दुरुस्त करता यावी यासाठी कागद निवडायचा झाला तर ट्रेसिंगइतका सोयीचा कागद नाही. शाई आत मुरत नाही म्हणून आपण मघापासून ज्याला शिव्या देतो आहोत, त्याच गुणामुळे ती वरून खरवडता येते. जबलपुरातल्या जुन्या आरेखकांना हे सांगायला नको. १९०४ साली इथे तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला, पुढे इतर आयुध कारखाने आले, आणि संगणक येईपर्यंत अशा कारखान्यांच्या ड्रॉइंग ऑफिसांत हाच ट्रेसिंग पेपर टेबलांवर ताणलेला असायचा. त्यावर माणसं दिवसभर काळ्या शाईने रेघा ओढत आणि मापं लिहीत, हाताने, सरळ, सुवाच्य. चूक झाली की अर्ध्या ब्लेडने अलगद खरवडायची, नखाने घोटायची, पुन्हा लिहायचं. बोटांच्या तेलाने शाई फाकू नये म्हणून आधी कागदावर शंखजिऱ्याची पूड चोळायची. शंखजिरं! भेडाघाटला पर्यटकांना संगमरवर म्हणून विकल्या जाणाऱ्या मूर्तींत ज्याचा भरणा असतो तोच मऊ दगड. म्हणजे रोग ओमतीत आणि औषध नर्मदेच्या काठावर, आणि तेही न परवडलं तर घरातली टाल्कम पावडर आहेच. हा कागद छापण्यासाठी नव्हताच, लिहिण्यासाठी होता. लिहिलेल्या त्या एका कागदातून उजेड पाडून खालच्या कागदावर अमोनियाच्या वाफेने हव्या तेवढ्या प्रती निघत. कारखान्यातला तोफगाड्याचा सुटा भाग हाताच्या अक्षरावर विश्वास ठेवून तयार होत होता. भाचीने आणखी कोणती खात्री मागावी?

उरला शेवटचा आणि सर्वांत व्यवहारी आक्षेप: कार्ड एक असेल तर ठीक, पण पन्नास करायची असतील तर? मुंजीची, साठीशांतीची, दिवाळीची? पन्नास वेळा हाताने कोण लिहिणार? इथे लेखकाला थोडं नमतं घ्यावं लागेल, पण पूर्ण नाही. पुन्हा घटनेकडेच पाहा. ती हाताने लिहिली एकदाच. मग डेहराडूनला सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापखान्यात त्या हस्तलिखिताच्या हजार प्रती छायाशिलामुद्रणाने काढल्या. अक्षर हाताचं, मेहनत यंत्राची. ही सोय आपल्यालाही आहे, आणि ती झेरॉक्सच्या दुकानात नसून गल्लीतल्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे आहे. पत्रिका छापणारी ही मंडळी ट्रेसिंग पेपरला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ओळखतात. मजकूर काळ्याभोर रंगात ट्रेसिंगवर घ्यायचा; ट्रेसिंग नसला तर साध्या कागदावर काढून त्याला खोबरेल चोळायचं, काम तेच होतं. हा कागद रासायनिक लेप दिलेल्या जाळीवर ठेवून उजेड दाखवायचा. उजेड लागला तिथला लेप घट्ट होतो, अक्षराखालचा कच्चा राहतो आणि पाण्याने धुऊन जातो. राहिलेल्या वाटेने शाई दाबायची. ही शाई मुरण्याची वाट बघत नाही, वरच्यावर वाळते. त्यामुळे व्हेलमवरही ती नीट बसते. आणि मुख्य म्हणजे त्या पहिल्या ट्रेसिंगवर संगणकाचंच अक्षर पाहिजे असा कुठलाही नियम नाही. काळ्या शाईने स्वतःच्या हाताने लिहून द्या, ‘ळ’ सकट. तेच्या तेच छापून येईल, आणि पन्नास मावश्यांना ते ओळखता येईल.

स्क्रीन प्रिंटिंगवाला ही योजना शांतपणे ऐकून घेतो. तो भला माणूस असतो. अक्षराला हसत नाही, ‘डिझाइन’ही म्हणत नाही. कागद उजेडात धरून बघतो.

‘‘हो जाएगा. कितने पीस?’’

‘‘तसं म्हटलं तर... एक.’’

‘‘एक?’’

‘‘एक नाही, दहा धरा. भाचीचा वाढदिवस आहे, पण पुढेमागे लागतील.’’

‘‘सौ से कम में तो फ्रेम का खर्चा ही नहीं निकलेगा, आंटी.’’

शंभर म्हटलं की नातेवाइकांची मोजणी सुरू होते. सख्खे, चुलत, मावस, नागपूरचे, इंदूरचे, पुण्याचे. ज्यांच्याशी बोलणं आहे असे, आणि प्लॉटच्या भानगडीनंतर ज्यांच्याशी नाही असे. बोलणं असलेल्यांत शंभर भरत नाहीत. मग प्लॉटवाल्यांना माफ करावं लागतं, आणि एका वाढदिवसाच्या कार्डापायी दोन घराण्यांत समेट व्हायची पाळी येते. तरी आकडा अठ्ठ्याऐंशीवर थांबतो. उरलेली बारा कार्डं ज्यांचा जन्म अजून व्हायचा आहे त्यांच्या नावे राखून ठेवायचं ठरतं. मग प्रश्न येतो नावांचा. शंभर नावं शंभर वेळा जाळीवर घेता येत नाहीत. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याला या अडचणीचा अनुभव असतो. तो पावतीपुस्तक पुढे ओढत म्हणतो, ‘‘नाम की जगह खाली छोड़ देते हैं, पेन से भर लीजिएगा. रेट वही रहेगा.’’